कातणाऱ्याला अचूक करवत कशाला?

नव्याने लेथ घेतलेल्या माणसाला आपल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो, आणि तो देणारा बहुधा फर्निचरवाला असतो. आधी टेबल सॉ घ्या, बाकीचे नंतर बघू. तेवढे पैसे नसतील तर चार इंची कटर घ्या, प्लायच्या फळीखाली उलटा बसवा, पाते फटीतून वर काढा, झाला टेबल सॉ. बँडसॉचे नाव काढले की समोरचा हसतो. ती चैन आहे, जागा अडते, सरळ कापत नाही, ब्लेड तुटते, हौशी माणसाला काय करायचाय, अशी सरबत्ती होते. हा सल्ला इतक्या जणांनी इतक्या आत्मविश्वासाने दिला आहे की तो तपासून पाहायचे कोणाला सुचत नाही. कातकामापुरता तो जवळजवळ शब्दागणिक चुकीचा आहे, आणि त्यातला कटरचा भाग तर बोटांवर बेतणारा आहे.

फर्निचरसाठी हाच सल्ला बरोबर आहे, हे आधी मान्य करतो. कपाट करणाऱ्याकडे लाकूड येते ते वाळलेले, सपाट, चौरस. करवतीने कापलेली कड पुढे जशीच्या तशी जोडात बसते. तिथे एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर दार घासते, खण अडकतो. तेव्हा सुताराने अचूकपणासाठी पैसे मोजावेत, त्यात शहाणपण आहे. पण लाटणे, भोवरा, रवी, पलंगाचा पाय, लाकडी वाडगा, यांतली कोणतीही वस्तू हातात घेऊन पाहा. करवतीने कापलेला एक तरी पृष्ठभाग तिच्यावर उरला आहे का? लेथवर चढल्यावर पहिल्या काही मिनिटांत करवतीच्या सगळ्या खुणा ढलप्यांबरोबर खाली पडतात. वाडग्याच्या बाबतीत तर गोष्ट आणखी पुढे जाते. ओले लाकूड आधी जाडसर कातून ठेवतात, भिंतीची जाडी व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी राखून, आणि मग काही महिने वाळू देतात. वाळताना लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या सुमारे निम्मेच त्रिज्येच्या दिशेने आकसते. त्यामुळे गोल कातलेला वाडगा लंबगोल होतो आणि तो पुन्हा कातावा लागतो. ज्या कामात लेथने केलेले वर्तुळसुद्धा टिकत नाही, तिथे करवतीने काढलेला काटकोन किती खरा होता, याची चर्चा कशाला?

म्हणजे टेबल सॉ ज्या गुणासाठी महाग आहे, तोच गुण इथे बिनकामाचा. कातणाऱ्याने करवतीकडून मागायचे ते वेगळे आहे. तिला ओबडधोबड लाकूड पेलता आले पाहिजे, भरपूर जाडी कापता आली पाहिजे, वर्तुळाच्या जवळपास वळता आले पाहिजे, आणि हे सगळे होताना हात जागेवर राहिले पाहिजेत. या चार कसोट्यांवर टेबल सॉ लावून पाहू.

हौशी कातणाऱ्याला लाकूड मिळते कुठून? पावसाळ्यात सोसायटीत आडवा झालेला गुलमोहर, रस्त्याकडेचा रेन ट्री, गावच्या परसातला फणस, आंबा, जांभूळ, चिंच. (शहरातले झाड तोडायला १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. तेव्हा ओंडका कायदेशीर तोडीतला आहे का, हे आणण्याआधी विचारलेले बरे.) हे लाकूड गोल असते, ओले असते, सालीसकट असते. टेबल सॉची पहिली अट अशी की लाकडाचा एक चेहरा सपाट हवा आणि एक कड सरळ हवी. चेहरा टेबलावर बसतो, कड कुंपणाला टेकते. गोल ओंडक्याला दोन्ही नसतात. म्हणजे जे आपल्याला या यंत्राकडून मिळवायचे, तेच ते आधी आणून द्या म्हणते.

आणि न देता पुढे रेटले तर काय होते? गोल पात्याचे पुढचे दात खाली जातात, मागचे दात टेबलातून वर येतात. लाकूड किंचित डुलले किंवा तिरके झाले, की मागचे दात त्याला उचलतात आणि कापणाऱ्याच्या पोटाच्या दिशेने भिरकावतात. ओल्या लाकडात आणखी एक खोड असते. त्याच्या आत ताण साठलेला असतो, करवत फिरली की तो सुटतो आणि कापलेली फट पात्यावर मिटू लागते. यासाठीच चांगल्या टेबल सॉला पात्यामागे फट उघडी धरणारी पोलादी पट्टी असते. ती वाळलेल्या फळीला पुरते. ओल्या बाभळीच्या ओंडक्याला पुरेलच, अशी पैज मी लावणार नाही.

जाडीचा हिशेब याहून सरळ आहे. दहा इंची टेबल सॉ एका फेरीत साधारण ८० मिलिमीटर कापतो. सात-सव्वासात इंची, हातात धरायची विजेची गोल करवत ६५च्या आसपास. चार इंची कटर ३२ ते ३४. आता एक मध्यम वाडगा घ्या, ओठापर्यंत १०० मिलिमीटर उंचीचा. त्याच्या ठोकळ्याला यांतले एकही पाते एका फेरीत पुरत नाही. ‘उलटवून दुसऱ्या बाजूने कापा’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. उलटवून नेमके त्याच फटीत पाते उतरवायला पुन्हा सपाट चेहरा आणि सरळ कड लागते. आपण जिथून निघालो तिथेच आलो.

आता तो उलटा कटर. तो हिशेब मला जरा सविस्तर मांडायचा आहे, कारण जुगाड म्हणून त्याचे फार कौतुक होते. हा कटर फरशी आणि संगमरवर कापण्यासाठी घडवलेला असतो. ११० मिलिमीटरचे पाते मिनिटाला सुमारे १२००० फेरे मारते. गुणाकार केला तर पात्याच्या कडेचा वेग सेकंदाला ६९ मीटर येतो, म्हणजे ताशी जवळजवळ २५० किलोमीटर. चौदा इंची बँडसॉचा पट्टा सेकंदाला १५ मीटरच्या आसपास धावतो. फरशी कापताना पात्याला दात नसतात, हिऱ्याची कडा घासत जाते, त्यामुळे अडकून उसळण्याचा प्रकार कमी. त्याच दांड्यावर दातेरी लाकडाचे पाते चढवले की स्वभाव बदलतो. कटर उलटा बसवला की त्याचे अर्धे झाकण काढावे लागते. बटण टेबलाखाली जाते, म्हणून ते दाबलेल्या अवस्थेत बांधून किंवा अडकवून टाकतात आणि चालू-बंद भिंतीवरच्या बोर्डावरून करतात. पात्यामागे फट धरणारी पट्टी नाही. लाकूड अडकले तर दोन्ही हात त्यावर, आणि स्विच चार पावलांवर.

यावर ठरलेला बचाव असतो, आमचा सुतार वीस वर्षे याच्यावरच कापतो. खरे आहे. पण तो काय कापतो? १८ मिलिमीटरचा प्लाय, सपाट, कोरडा, गाठी नसलेला. त्याने तो कटर फणसाच्या अर्ध्या ओंडक्याखाली कधी लावलेला नसतो, आणि लावा म्हटले तर तो शहाणा माणूस नाही म्हणेल. दुसरे असे की वीस वर्षे टिकलेला सुतारच तुम्हाला भेटतो. ज्याची दोन बोटे तिसऱ्या वर्षी गेली आणि ज्याने हा धंदा सोडला, तो साइटवर भेटत नाही, म्हणून त्याचा दाखला कोणी देत नाही. ग्राइंडरला लाकडाचे दातेरी पाते लावून ठोकळ्याचे कोपरे उडवणाऱ्यांबद्दल वेगळे लिहीत नाही. तोच धोका, फक्त तो हातात धरलेला.

चेनसॉवाल्यांचा पक्ष मात्र अर्धा बरोबर आहे आणि त्यांच्याशी भांडताना मी सांभाळून बोलतो. ओंडका तुमच्या दारात अखंड येत असेल तर पहिला घाव चेनसॉनेच घालायचा. व्यासाहून थोडी जास्त लांबी ठेवून ओंडका आडवा तोडायचा, मग तो उभा चिरून दोन अर्धुके करायची. खोडाच्या अगदी मध्यातला जो बिंदू, जिथून तडे सुटतात, तो या चिरेत जाईल असे पाहायचे किंवा त्याच्या दोन्ही बाजूंनी कापून मधली पट्टी टाकून द्यायची. हे काम बँडसॉवर करायचे म्हणजे तीस-चाळीस किलोचे धूड टेबलावर चढवणे आले, ते कोणी करू नये.

पण चेनसॉवाले इथे थांबत नाहीत. ते म्हणतात, चेनसॉनेच फळ्या पाडा, चेनसॉनेच गोल करा, दुसरे यंत्र हवे कशाला? लाकडाचा हिशेब करा. चेनची फट साधारण ८ मिलिमीटरची पडते, बँडसॉच्या बारीक पट्ट्याची एक-सव्वा. अर्धुके पाडण्याच्या एका चिरेत हा फरक कोणी मोजत नाही. पण २०० मिलिमीटर रुंदीच्या शिसवाच्या तुकड्यातून डब्यांसाठी सात चिरा घ्यायच्या असतील तर चेन ५६ मिलिमीटर लाकडाचा भुसा करते आणि बँडसॉ नऊ मिलिमीटरच्या आत सोडतो. शिवाय हाताएवढे लहान तुकडे चेनसॉने कापताना ते धरायचे कशात, हा प्रश्न उरतोच. पायाखाली धरून कापणारे पाहिले आहेत, तेही चपला घालून. चेन जिच्यावर धावते त्या पट्टीच्या नाकाचा वरचा भाग लाकडाला लागला की चेनसॉ उसळून चेहऱ्याकडे येतो, हे त्याच्या माहितीपुस्तकात पहिल्या काही पानांतच चित्र काढून सांगितलेले असते. ती पुस्तिका खोक्याबरोबर भंगारात जाते.

बँडसॉमध्ये वेगळे काय? पट्टा एकाच दिशेने, वरून खाली धावतो. त्याचा सगळा जोर लाकडाला टेबलावर दाबतो, माणसाकडे फेकत नाही. एवढ्या एका गोष्टीने निम्मे भांडण मिटते. पट्टा अरुंद असल्याने वळतो, म्हणून वर्तुळ कापता येते. अर्धुक सपाट बाजूवर टेबलावर बसते, सालीच्या बाजूवर प्लायची गोल चकती एका खिळ्याने मधोमध ठोकायची आणि तिच्या कडेकडेने लाकूड फिरवत न्यायचे. कुंपण लागत नाही, सरळ कड लागत नाही.

तरीही बँडसॉला निरुपद्रवी म्हणणारा सेल्समन खोटे बोलतो. गोठलेले मांस आणि हाडे कापायला जगभर याच जातीचा पट्टा वापरतात. बोट आणि लाकूड यांत तो फरक करत नाही, आणि कापताना झटकाही देत नाही. त्याचा खास धोका गोल लाकडात आहे. पूर्ण गोल ओंडका आडवा तोडायला ठेवला, की खाली येणारे दात त्याला गरकन फिरवतात, पट्टा आत ओढला जातो, वाकतो किंवा तुटतो, आणि ओंडका धरणारा हातही त्या बाजूला ओढला जातो. इलाज साधा आहे, इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच असलेला लाकडी ठोकळा खाली घ्यायचा किंवा ओंडका आधी अर्धा करून सपाट बाजूवर ठेवायचा. वरचा गार्ड लाकडाला लागू नये इतपतच वर ठेवायचा, उघडा पट्टा जितका कमी तितका बरा.

‘सरळ कापत नाही’ या आरोपाचे उत्तर वर येऊन गेले आहे. सरळ कापले नाही तरी लेथ सरळ करतो. तेवढेच खटकत असेल तर पट्ट्याचा ताण, धार आणि दातांची फाक पाहा. बहुतेक वेळा बोथट पट्टाच तिरका पळत असतो.

खरेदीच्या वेळी मात्र बँडसॉचे समर्थकही चुकतात, आणि त्यांच्याशीही माझा वाद आहे. ते हॉर्सपॉवरच्या मागे लागतात. दोन घ्या, तीन घ्या, थ्री फेज ओढून घ्या. वर्कशॉप असेल तर घ्या. घरातल्या २३० व्होल्टच्या एका फेजवर, १५-१६ अँपिअरच्या प्लगवर दीड हॉर्सपॉवर निवांत चालते आणि १५० मिलिमीटरच्या ओल्या आंब्याला ती पुरते. पुरत नसेल तर दोष मोटरचा कमी आणि पट्ट्याचा जास्त. बँडसॉचा इतिहासच तसा आहे. धावत्या पट्ट्याच्या करवतीचे पेटंट एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरीला मिळाले, पण यंत्र चालेना, कारण चाकांवरून सतत वाकणारा पट्टा जोडावरच तुटे. पट्टा टिकाऊ जोडण्याची रीत अ‍ॅन पॉलिन क्रेपँ या फ्रेंच बाईने काढली आणि १८४६ साली तिचे पेटंट मागितले, तेव्हा कुठे हे यंत्र कारखान्यात शिरले. चाके, खांब, टेबल हे सगळे आधीच सुचले होते. अडले होते ते पट्ट्यापाशी.

आजही तिथेच अडते. यंत्राबरोबर येणारा पट्टा बहुधा बारीक दातांचा असतो, पातळ वाळलेल्या फळीसाठी ठीक. तोच १५० मिलिमीटर ओल्या लाकडात घातला तर दातांमधल्या खाचा अर्ध्या वाटेतच ओल्या भुशाने भरतात, पुढचे दात कापायचे सोडून घासतात, पट्टा तापतो, भरकटतो, आणि माणूस म्हणतो मोटर कमी पडली. इंचाला तीन दात, दात मोठे, खाचा खोल, फाक जरा जास्त, असा पट्टा लावा आणि तीच मोटर पुन्हा पाहा. इंचाला तीन दात असले तरी सहा इंच जाडीत एका वेळी अठरा दात लाकडात असतात, ते भरपूर झाले. रुंदीचे गणितही आधी करायचे. अर्धा इंच रुंदीचा पट्टा साधारण ६५ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळतो, तीन अष्टमांश इंचाचा ३८ पर्यंत, पाव इंचाचा १६ पर्यंत. वाडग्यांसाठी अर्धा इंच पुरेसा. भोवऱ्याएवढी लहान वर्तुळे कापायची असतील तर पाव इंचाचा ठेवा. एकच पट्टा सगळ्याला लावणारा माणूस पट्टे तोडतो आणि मग बँडसॉला नावे ठेवतो.

दुसरी फसगत आकड्याची. चौदा इंची बँडसॉ म्हणजे चाकाचा व्यास चौदा इंच. पट्ट्यापासून खांबापर्यंतची जागा त्याहून थोडी कमी असते. ग्राहकाला वाटते की एवढाच मोठा वाडगा निघेल. वर्तुळ कापताना चकती पट्ट्याच्या मोकळ्या बाजूला असते, खांबाकडे जातात ते फक्त उडवायचे कोपरे. ४०० मिलिमीटरचे वर्तुळ चौरस तुकड्यातून काढताना कोपरा पट्ट्यापलीकडे ८३ मिलिमीटर जातो, बस. तेव्हा पाहायची ती उंची, म्हणजे टेबलापासून वरच्या गाइडपर्यंत किती जाडी शिरते. १५० मिलिमीटर शिरत असेल तर ३०० व्यासाच्या ओंडक्याचे अर्धुक बसते, आणि हौशी लेथवर त्याहून मोठे फारसे फिरत नाही. टेबलावर ठेवायचे आठ-नऊ इंची छोटे बँडसॉ मिळतात. त्यांत बहुधा ८० ते १०० मिलिमीटरच शिरते. पोळपाट आणि थाळ्या करणाऱ्याला ते चालतील, खोल वाडग्याला नाही.

सगळ्यात भक्कम विरोधी मुद्दा कोणी फारसा मांडत नाही, म्हणून मीच मांडतो. वखार. वखारीतल्या सॉ मिलवर पुरुषभर उंचीच्या चाकांचा बँडसॉ आधीच आहे, परवाना त्याच्याकडे आहे, चिरणारा माणूस कसलेला आहे. ओंडका नेऊन चिरून आणावा, घरात यंत्र का पोसावे? पहिल्या वर्षी हेच करा, असे मी खरोखर सांगतो. लेथ आवडेल की नाही हे कळायच्या आधी कोणतीच करवत घेऊ नका. अडचण पुढे येते. वखारवाल्याला फूटभर लांबीची अर्धुके नको असतात, त्याच्या गाडीवर ती धरता येत नाहीत. शहरातल्या झाडात पाट्यांचे खिळे आणि तारा असतात. त्याचा रुंद पट्टा एका खिळ्यात गेला तर दिवसाची मजुरी जाते, म्हणून तो शहरी लाकूड पाहूनच हात जोडतो. आणि ओल्या लाकडाला थांबता येत नाही. मे महिन्यात तोडलेला आंबा गोल न करता, टोकांना मेण किंवा जाड रंग न लावता चार दिवस उन्हात पडला तर टोकांकडून तडकायला लागतो.

यंत्र न घेण्याचा आणखी एक मार्ग आहे, ठोकळा गोल न करता चौरसच लेथवर चढवायचा. लहान कामाला हरकत नाही. पण चौरसात आतल्या वर्तुळापेक्षा २७ टक्के लाकूड जास्त असते आणि तेही सगळे कोपऱ्यांत, मध्यापासून सर्वांत लांब. ३०० मिलिमीटरच्या ठोकळ्यात हे कोपरे हत्याराला हवेत ठोकत राहतात, लेथ थरथरतो. चारही कोपरे सरळ कापून अष्टकोन केला तर जास्तीचे लाकूड साडेपाच टक्क्यांवर येते. हे कोपरे साध्या हातकरवतीने घाम गाळूनही निघतात. ज्याला वर्षाला चार-पाच वाडगे करायचे आहेत त्याने हाच रस्ता धरावा. माझ्या मते तो उलट्या कटरपेक्षा शंभरपट इभ्रतीचा आहे.

आणि जो फक्त लाटणी, पेनं, खेळणी कातणार त्याला बँडसॉ नकोच. चन्नपट्टणची खेळणी काळ्या कुड्याच्या बारीक फांद्यांतून निघतात. तिथे ठोकळा म्हणजे फांदीचा आडवा तोडलेला तुकडा, त्याला गोल करण्याचा प्रश्नच येत नाही. वाळलेल्या चौरस पट्ट्यांतून लाटणी काढणाऱ्याला तर टेबल सॉही शोभतो, कारण त्याचे लाकूड आधीच सपाट आहे. वाद त्यांच्याशी नाही.

ज्यांना घ्यायचाच आहे त्यांनी यंत्राच्या दुकानात जाण्याआधी पट्टा जोडून देणारा शोधावा. मोठ्या शहरांत गुंडाळीवरून हव्या त्या लांबीचा पट्टा कापून वेल्ड करून देणारे असतात. लहान गावात नसतात, आणि तिथे पट्टा तुटला की यंत्र कुरियरची वाट पाहत उभे राहते. दोन सारख्या चाकांच्या बँडसॉला लागणारी लांबी म्हणजे चाकाचा परीघ अधिक दोन चाकांच्या मध्यांतल्या अंतराची दुप्पट. वरचे चाक खालीवर सरकते, ते ताणाच्या मधल्या जागी ठेवून मोजायचे. ही लांबी यंत्राच्या दारावर आतून रंगाने लिहून ठेवा आणि जोडून घेतानाच तीन पट्टे घ्या. जुना बँडसॉ मिळत असेल तर मोटर चालवून पाहण्याआधी पट्टा काढायला लावा, दोन्ही चाके हाताने फिरवा, बेअरिंगचा आवाज ऐका, आणि चाकांवरचे रबर नखाने दाबून पाहा. रबर तडकलेले असेल तर विकणाऱ्याशी घासाघीस तिथून सुरू करा.